पावण्याची चाल

आमचे दाजी रस्त्यानं कधी स्वतःच्या चालीनं चालले नाहीत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरातून बाहेर पडताना ते चित्रकलेचे मास्तर असत. पण कोपऱ्यावर पोचेपर्यंत पुढं जो कोणी चाललेला असेल तो माणूस होऊन जात. पुढं दवाखान्यातून परतणारा म्हातारा असला, की दाजींचे गुडघे वाकत. क्लासला उशीर झालेला पोरगा असला, की तेही टाच न टेकवता सुटत. मान जरा कलती, डोळे पुढच्याच्या पायांवर, आणि चेहरा पूजेला बसल्यासारखा. त्यात चेष्टा नसे हे आम्हाला ठाऊक होतं. पुढच्या माणसाला ते कसं ठाऊक असणार?

एकदा तालमीतून निघालेल्या एका पैलवानाच्या मागं ते असेच दंड फाकवून, मांड्या फेकत निघाले. दाजींचा देह केवढा, तर दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्याएवढा. अक्का आणि मी भाजीच्या पिशव्या घेऊन मागं होतो. पैलवान गर्रकन वळला. "काय पावणं, नक्कल करालाय व्हय?" दाजी शांतपणे म्हणाले, "नक्कल न्हवं, अभ्यास करतोय. तुमचा उजवा पाय जरा उशिरा उठतोय बघा." पैलवान क्षणभर स्वतःच्या पायाकडं बघत राहिला, आणि म्हणाला, "व्हय की. गुडघा धरलाय." मग दोघं भर रस्त्यात उभे राहून गुडघ्यावर बोलत राहिले. अक्का तोवर पदर तोंडाला लावून दुसऱ्याच गल्लीत शिरली होती. "ह्यांच्याबरोबर भाईर पडायचं म्हंजे आधी तोंड लपवायला जागा बघून ठेवायची," असं ती म्हणायची.

लाजेच्या बाबतीत मी मात्र अक्कालाही मागं टाकलं होतं. लहानपणीच्या तापात माझा डावा पाय अधू झाला. चंदगडकडच्या आमच्या गावात सगळ्यांनी मला तशीच पाहिलेली, त्यामुळं कुणी काही विचारत नसे. बी.एड. करायला म्हणून अक्काकडं राहायला आले आणि गाठ पडली कोल्हापूरच्या माणसांशी. ही माणसं मनात काही ठेवत नाहीत. रिक्षावाला असो की भाजीवाली, सरळ विचारणार, "पायाला काय झालं गं पोरी?" विचारण्यात माया असे, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होई. मग मी युक्त्या काढल्या. कॉलेजात सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचं आणि सगळे गेल्यावर उठायचं. रस्त्यात कुणी ओळखीचं समोरून येताना दिसलं, की चपलेचा अंगठा तुटल्याचं निमित्त करून वाकायचं. त्या वर्षात माझा अंगठा इतक्या वेळा तुटला, की तो खरोखर तुटला असता तर मी अनवाणीच मास्तरीण झाले असते.

दाजींनी माझी कशाकशाची थट्टा केली नाही! मेव्हणीची थट्टा करणं हा तर त्यांचा हक्कच होता. माझ्या चंदगडी हेलाची झाली, तेल चोपडलेल्या वेणीची झाली. मी ताटात भात वाढून घेतला की ते अक्काला म्हणत, "शकूनं डोंगर केलाय, वर एक काजूचं झाड लाव." पण ते माझ्या मागून कधी चालले नाहीत. रस्त्यात असलो की ते माझ्या पुढं तरी असत, नाहीतर बरोबरीनं. सगळ्या गावाची चाल ज्यांनी उचलली, त्यांनी माझी तेवढी सोडून दिली होती. दया येऊन सोडली असणार, हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते. त्या दयेचीसुद्धा मला लाज वाटे.

दाजींच्या ह्या छंदाला काम मिळालं ते त्यांच्या शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. कॉम्प्युटर आला म्हणजे काय, एक टाइपरायटरसारखी पेटी, एक टीव्ही आणि एक टेपरेकॉर्डर. पण त्याच्यासाठी एका खोलीला पडदे लावले, खाली जाजम घातलं, चपला बाहेर काढायचा नियम केला आणि मग कुलूप घातलं. गणिताच्या सरांना धास्ती, की चुकीचं बटण दाबलं तर स्फोट होईल आणि भरपाई आपल्याकडून घेतील. शेवटी दाजींनीच हेडमास्तरांकडं किल्ली मागितली. "ह्याच्यावर चित्र निघतंय का बघतो," म्हणाले. चित्रकलेच्या मास्तरांच्या हाती कॉम्प्युटर दिला म्हणून शिक्षकांच्या खोलीत लोक पुष्कळ हसले. दाजी रोज शाळा सुटली की चपला बाहेर काढून आत जाऊन बसत.

तिथं त्यांनी एक माणूस तयार केला. आलेखाच्या कागदावर चौकोन काळे करून त्याचं एकेक पाऊल काढायचं, त्या चौकोनांचे आकडे करून पेटीत घालायचे, की टीव्हीवर डोक्याला पटका बांधलेला, बोटाएवढा माणूस उभा राही. अशी पावलांची थोडीशी चित्रं लागोपाठ दाखवली की तो चाले. शेवटचं चित्र संपलं की परत पहिलं, असं फिरत राहिलं की तेवढ्या चित्रांत तो जन्मभर चाले. दाजींनी त्याचं नाव ठेवलं पावणा. "कुठनं आला ठावं न्हाई, कुठं निघालाय ठावं न्हाई, पण चाललाय न्हवं?" असं ते कौतुकानं म्हणत. सगळी मेख होती ती शेवटचं चित्र पहिल्याला जोडण्यात. "शेवटच्या चित्राला पहिल्याची आठवण पायजे," हे त्यांचं वाक्य आम्हाला पाठ झालं होतं. गजऱ्याची गाठ फुलांत दडते, तसा तो सांधा दडायला हवा. कुठं संपलं आणि कुठं सुरू झालं ते बघणाऱ्याला कळता कामा नये.

ह्या पावण्यापायी घरात काय काय सोसावं लागलं! चालीचा ठेका कानानं धरायचा म्हणून दाजींनी चांदीकामाच्या हुपरीहून अक्कासाठी पैंजण आणले. चांगले भरघोस, घुंगरांचे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्यानं पैंजण आणले म्हणून अक्का अर्धा दिवस हरखून होती. संध्याकाळी दाजी अंगणात डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "आता ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत चाल. घाई करू नगं. व्हय, असंच. परत." शेजारच्या बायका कठड्याला येऊन उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, "लग्न ठरलं काय हो अक्काचं?" अक्कानं पैंजण काढून डब्यात टाकले, ते पुन्हा घातले नाहीत. पावण्याला ठेका मात्र मिळाला.

आणि एवढं करून पावणा लंगडत होता.

सगळं नीट चाले. पण फेरी संपून नवी सुरू होताना त्याच्या डाव्या पायाला एक हिसका बसे. एकच चित्र कुठंतरी चुकलेलं, पण चित्रं फिरती असल्यामुळं ती चूक दर फेरीला परत येई. माणसाच्या हातून एकदा चूक झाली तर तो पुढं जातो. पावण्याला ती सोय नव्हती. दाजी जेवताना तेच बोलत. एकदा घास हातात धरून ते अक्काला म्हणाले, "समदं जमलंय गं, पण लंगडतोय. ते लंगडणं घालवायला..." आणि माझ्याकडं बघून थांबले. वाटीतली आमटी त्यांनी एवढा वेळ ढवळली, की त्यात काही हरवलंय असं वाटावं. तेव्हापासून घरात तो शब्द बंद झाला. पावणा अडखळतोय, पावणा दमतोय, पावण्याचं जरा हे होतंय, असे नाना शब्द निघाले. प्रत्येक नव्या शब्दाबरोबर तिघांच्याही माना ताटात जात. सरळ लंगडा म्हटलं असतं तर मला कमी लागलं असतं.

त्याच दिवसांत माझं बी.एड. अडलं. सराव पाठ देताना मी फळ्याजवळ उभी राहायची ती तास संपेपर्यंत तिथंच. आमच्या बाईंनी शेरा दिला, "खुंटीला टांगल्यासारख्या उभ्या राहू नका. वर्गात फिरा, शेवटच्या बाकापर्यंत जा. परीक्षेच्या पाठाला तेच बघतात." फिरायचं म्हणजे सगळ्या वर्गाच्या डोळ्यांदेखत चालायचं. मी मनाशी ठरवून टाकलं, की परीक्षेचा पाठ द्यायचाच नाही. त्याआधी एसटीनं गावी जायचं आणि म्हणायचं, की कोल्हापूरचं पाणी मानवलं नाही. अक्काला तेवढं सांगितलं. ती रडली, रागावली, आणि दाजींच्या शाळेचं स्नेहसंमेलन होईपर्यंत तरी राहा म्हणाली.

त्याच आठवड्यात ते घडलं. राजारामपुरीत साड्यांच्या एका दुकानाला मोठी काच होती. त्या काचेत मी दिसू नये म्हणून मी नेहमी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जायची. त्या दिवशी पलीकडं पाइपसाठी खणलेलं होतं. काचेवरून जाताना नको नको म्हणत नजर गेलीच. मी दिसले, खांदा उचलून पाय ओढणारी. आणि माझ्या मागं थोड्या अंतरावर आणखी एकजण तसंच चाललेलं दिसलं. आपल्यासारखं कुणीतरी ह्या रस्त्यावर आहे, असं वाटून क्षणभर मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मग त्या माणसाचा सदरा ओळखू आला.

मी वळले. दाजी एक पाय अर्धा उचललेला तसेच थांबले. पानपट्टीवरची माणसं बघत होती, त्यांतला एकजण हसला. मी पाठ फिरवली. घरापर्यंत जशी आले तशी आले. त्या वाटेतलं मला काही आठवत नाही, फक्त कान तापले होते एवढं आठवतं.

अक्कानं माझ्याकडून सगळं काढून घेतलं आणि दाजी आल्याबरोबर त्यांना उंबऱ्यातच धरलं. "गावाचं केलंत ते केलंत. घरच्या पोरीचं करताना लाज न्हाई वाटली?"

"वाटली की," दाजी म्हणाले. ते भिंतीला टेकून खालीच बसले. मग माझ्याकडं न बघता ते बोलू लागले. "पावण्याचं कुठं बिघडलंय त्ये कळंना झालतं. तुझ्याकडं बघितलं तर कळंल असं वाटायचं, पण बघायची लाज वाटायची. इचारायची त्याच्याहून जास्त वाटायची. म्हणून चोरून बघितलं. चोरीच झाली ती." मग थांबून म्हणाले, "पण शकू, तुझ्या चालीत हिसका न्हाई गं. पाय पडायच्या आधी तुझ्या खांद्याला ठावं असतंय. त्यो आधीच सावरून घेतोय. पावण्याला पाय पडल्यावर कळतंय, म्हणून त्यो लंगडतोय."

हे ऐकून मला धीर आला, असं लिहायला मला आवडलं असतं. मला धीर आला नाही. आपल्याला इतकं निरखून कुणीतरी पाहिलंय, ह्यानं उलट अंगावरचं पांघरूण ओढल्यासारखं झालं. मी आत जाऊन बॅग भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी चहाचा कप घेऊन दाराशी आले. "आता इचारतो. तुझा खांदा पावण्याला देऊ का? कुणाला कळायचं न्हाई." मी म्हटलं, "नको." ते म्हणाले, "बरं." आणि कप ठेवून गेले. त्या दिवसापासून ते रस्त्यानं कुणाच्याच मागं गेले नाहीत. खाली बघून, भिंतीकडेनं चालू लागले. आणि गंमत म्हणजे त्यांना धड चालताच येईना. हात कुठं ठेवायचे ते सुचत नसे.

संमेलनाला अक्कानं मला जवळजवळ ओढूनच नेलं. मी शेवटच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची धरली. शाळेच्या सभागृहात टेबलावर टीव्ही ठेवला होता, पाहुण्यांसाठी सोफा, मागं सगळी पोरं आणि त्यांचे आईबाप. पावणा साठवलेली कॅसेट लावल्यावर टेपरेकॉर्डरनं आधी कानठळ्या बसवणारी किंचाळी मारली, मग पडद्यावर पावणा उभा राहिला आणि चालू लागला. सगळीकडून "आहा" झालं. आपल्या शाळेतला टीव्हीवरचा माणूस! दोन-तीन फेऱ्या झाल्या असतील, तेवढ्यात मधल्या रांगेतून एक पोरगा ओरडला, "सर, पावणा लंगडतोय!"

सभागृह खो खो हसलं. एकदा हसू सुटल्यावर मग दर हिसक्याला हसू येऊ लागलं, कारण हिसका दर फेरीला येतच होता. प्रमुख पाहुणे सोफ्यावरून मोठ्यानं म्हणाले, "मास्तर, ह्याला दवाखान्यात न्या की! दुरुस्त होत नाही होय?"

दाजी टीव्हीशेजारी अनवाणी उभे होते. सवयीनं इथंही चपला काढल्या होत्या. ते दुरुस्त होण्यासारखं होतं. कसं, ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्या सभागृहात आणखी फक्त मला ठाऊक होतं. आदल्या रात्रीपर्यंतसुद्धा माझा खांदा घेऊन ते एक चित्र बदलता आलं असतं. बदललं असतं तर खरंच कुणाला कळलं नसतं, मलासुद्धा. दाजी जमिनीकडं बघत म्हणाले, "माझं चुकलंय, साहेब. मला न्हाई जमलं." त्यांनी एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांचे कान लालभडक झाले होते. मी रोज जी लाज छातीशी धरून चालत होते, ती मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिली. माझी लाज झाकण्यासाठी तो माणूस चारचौघांत स्वतःची काढून घेत होता. आणि पोरं हसतच होती.

मी गावी गेले नाही. परीक्षेचा पाठ दिला. खडू ठेवला, फळा सोडला आणि बाकांच्या मधून शेवटच्या बाकापर्यंत गेले. जाणं त्या मानानं सोपं होतं, कारण एकेक बाक ओलांडला की ती तोंडं पाठीमागं पडत होती. तिथं पोचल्यावर लक्षात आलं, की आता परत यायचं आहे, आणि सगळा वर्ग मान वळवून बघतोय. एका मुलीनं दुसरीला कोपरानं ढोसलं, ते दिसलं. घाम फुटला. धडा अर्धा विसरले. पण परत आले, आणि पुन्हा गेले. लाज तशीच होती. ती जाईल तेव्हा चालू, असं म्हणत बसले असते तर आजही फळ्याजवळच असते.

पाठ संपल्यावर मी दाजींच्या शाळेत गेले. चपला काढून कॉम्प्युटरच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "दाजी, पावण्याला खांदा द्या." त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मग मला म्हणाले, "जरा चाल बघू." मी त्या जाजमावर चालले आणि ते बघत राहिले, पहिल्यांदाच समोरून, राजरोस. पावणा नीट चालायला लागला तेव्हा बघायला आम्ही दोघंच होतो. पुढं नवे हेडमास्तर आले, खोली ऑफिसला गेली, आणि ती कॅसेट कुणाच्या घरी गाणी भरायला गेली कोण जाणे.

मला चंदगडकडं शाळा मिळाली. काही वर्षांनी एका दुपारी शाळेत निरोप आला, की दाजी वर्गात फळ्यावर चित्र काढता काढता कोसळले आणि गेले. मिळेल त्या एसटीनं पोचले तेव्हा तिरडी उचलायच्या बेतात होते. आमच्यात बायका उंबऱ्यापर्यंतच येतात. मी उंबरा ओलांडून रस्त्यावर उभी राहिले. भावकीतले एक थोरले गृहस्थ जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, बायका येत न्हाईत. आनि तुमच्या पायानं एवढं लांब व्हायचं बी न्हाई." आतून अक्काचा आवाज आला. रडून घोगरा झालेला, पण मोठा. "येऊ दे तिला. त्येंच्या मागं ती चालंल."

राजारामपुरीतून निघालो. दुकानदार फळ्या अर्ध्या लावून उभे होते, गच्च्यांवर बायका होत्या, आणि सगळ्या पुरुषांच्या मागं एकटी बाई, तीही खांदा उचलून पाय ओढणारी. प्रत्येकाची नजर आधी तिरडीवर आणि मग माझ्यावर येत होती. मी मागं पडू लागले. अंतर वाढत चाललं. तेव्हा शेवटच्या खांदेकऱ्यानं, दाजींच्याच कुणा विद्यार्थ्यानं, मागं वळून बघितलं आणि पुढं ओरडला, "दमानं घ्या रं! बाई मागं हायत." पुढच्यांनी पाय आखडते घेतले. हळूहळू सगळी माणसं माझ्या चालीनं चालू लागली. माझे कान तापले. एवढ्या माणसांचा खोळंबा आपल्यापायी होतोय, ह्या लाजेनं कुठं बघावं ते कळेना. मी तिरडीकडं बघितलं आणि चालत राहिले. स्मशानापर्यंत एकदाही थांबले नाही.